कोरीं पानें

एखादी चांगली संवय सुटली म्हणजे ती कां सुटली याचें कारण देण्यास मनुष्याला फारसा वेळ लागत नाहीं. आणि जें कारण तो इतक्या तत्परतेनें देतो तें बहुधा खरें नसतें. पहांटे फिरावयास जाणें सुटलें तर पाऊस आडवा आलेला असतो, वाचन सुटलें तर चष्मा बदलावयाचा राहिलेला असतो, आणि रोजनिशी सुटली तर ‘वेळच मिळेना’ हें उत्तर ठरलेलेंच आहे. मीहि अकरा वर्षें हेंच उत्तर देत होतों. विचारणारे विचारीत आणि समाधान पावत. कारण आमच्यासारख्या मध्यमवर्गीय माणसाला वेळ नसणें ही कांहीं अविश्वसनीय गोष्ट नव्हे. परंतु गेल्या दिवाळीपासून हें उत्तर माझें मलाच पुरेनासें झालें आहे. तें कां, हें सांगण्यासाठीं हा लेख लिहीत आहें. गोष्ट माझ्या घरची आहे. पण प्रश्न केवळ माझ्या घरचा नाहीं असें वाटल्यावरूनच ती वाचकांपुढें मांडण्याचें धाडस करीत आहें.

१९८६ च्या जून महिन्यांत कॉलेजच्या शिक्षणासाठीं मीं गांव सोडलें, तेव्हां स्टेशनाबाहेरच्या दुकानांतून दोनशें पानांची एक वही घेतली आणि त्याच रात्रीं रोजनिशी लिहावयास आरंभ केला. ती ऑक्टोबर २०१३ पर्यंत अखंड चालली. सत्तावीस वर्षांच्या या बाडांत जगाच्या उपयोगीं पडेल असें एक वाक्यहि नाहीं. कोणतें पुस्तक वाचलें, कोणाशीं वाद झाला, भाजी कशी महागली, वर्गांत मुलें कोणत्या वाक्याला हंसलीं, अशाच सगळ्या नोंदी आहेत. पुढें मात्र अकरा वर्षें एक ओळहि नाहीं. आणि चमत्कार असा कीं, माझ्या आयुष्यांत नोंदण्याजोगें जें कांहीं घडलें तें जवळजवळ सारें याच अकरा वर्षांत घडलें. वडिलांचें दीर्घ दुखणें आणि २०१८ सालीं त्यांचा मृत्यु. २०२० च्या मार्चमध्यें सारा देश घरांत कोंडला गेला तेव्हां घरच्या भिंतीसमोर बसून, यंत्राच्या पडद्यांत पाहून, न दिसणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकविणें. पुढच्याच वर्षीं, ज्यांच्याबरोबर वीस वर्षें दुपारचा चहा घेतला असे दोन सहकारी एका आठवड्यांत नाहींसे होणें. मुलीचें मोठें होणें आणि शिक्षणासाठीं तिचें घर सोडून जाणें. घडण्यासारखें कांहीं नव्हतें तेव्हां मी न चुकतां लिहीत होतों. घडूं लागलें तेव्हां मीं लेखणी खालीं ठेविली.

हें माझें एकट्याचेंच वैगुण्य असेल असें प्रथम वाटलें. पण थोडा विचार करतां मोठमोठे सोबती दिसूं लागले. नाना फडणिसांनीं लिहिलेलें एक छोटें आत्मवृत्त उपलब्ध आहे. त्यांत बाळपण आहे, तारुण्यांतील मनाच्या विकारांची कबुली आहे, आणि पानिपतच्या रणावरून जीव वांचवून परतल्याची व त्या धामधुमींत आईची ताटातूट झाल्याची हकीकत आहे. पानिपतचा संग्राम झाला तो १७६१ च्या जानेवारींत. नानांना तेव्हां एकोणीस वर्षेंहि पुरीं झालेलीं नव्हतीं. आत्मवृत्त त्यानंतर लौकरच थांबतें. नाना वारले १८०० सालीं. मधल्या तीन तपांहून अधिक काळांत बारभाईंचें कारस्थान झालें, सालबाईचा तह झाला, खर्ड्याची लढाई झाली. राजकारणाच्या पत्रांचे ढीग पडले. पण स्वतःच्या मनाविषयीं लिहिणारा तो तरुण पुन्हां बोलला नाहीं. ज्या ठिकाणीं इतिहास सुरू होतो, बरोबर त्याच ठिकाणीं आत्मवृत्त संपतें.

याचा एक उदात्त अर्थ लावतां येतो, आणि कित्येक वर्षें मीं तो मोठ्या आवडीनें लावला. मुंडकोपनिषदांत एकाच वृक्षावर बसलेल्या दोन पक्ष्यांचा दृष्टान्त आहे. एक फळ खातो, दुसरा नुसता पाहत असतो. रोजनिशी लिहिणें हें त्या पाहणाऱ्या पक्ष्याचें काम. जो कर्ता झाला, ज्याच्या अंगावर प्रपंचाचें ओझें पडलें, त्याला साक्षी होण्यास सवड कोठून असणार? तेव्हां मौन हा कर्त्या पुरुषाचा दोष नसून त्याच्या कर्तेपणाची खूण होय! हा युक्तिवाद ऐकावयास गोड आहे. परंतु तो एका इंग्रज माणसापुढें टिकत नाहीं. सॅम्युअल पीप्स हा आरमाराच्या कचेरींतील अधिकारी. १६६५ सालीं लंडनांत महामारी आली, १६६६ सालीं शहर जळालें, आणि डच लोकांशीं युद्ध चालू असल्यामुळें त्याच्यामागें कामाचा डोंगर होता. याच काळांत त्याची रोजनिशी सर्वांत भरगच्च आहे. धांवपळ हें मौनाचें कारण असतें, तर तो याच काळांत गप्प बसावयास हवा होता.

त्यानें रोजनिशी थांबविली ती १६६९ च्या मे महिन्याच्या अखेरच्या दिवशीं. लिहिल्यानें डोळे जातील अशी त्याला धास्ती पडली होती. पण पुढें चौतीस वर्षें तो जगला आणि डोळे कांहीं गेले नाहींत. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत त्याची तरुण पत्नी मात्र गेली. नंतर टँजियरच्या सरकारी कामगिरीवर असतांना त्यानें कांहीं नोंदी ठेविल्या. परंतु आपल्या अंतःकरणाची झडती घेणारी ती पहिली वही त्यानें पुन्हां उघडली नाहीं. डोळ्यांचें कारण त्यानें मनापासूनच दिलें असेल, त्याविषयीं मला शंका नाहीं. पण कारण नाहींसें झालें तरी मौन नाहींसें झालें नाहीं, एवढें मला दिसतें. आणि हें दिसल्यावर स्वतःच्या कारणाकडे वळून पाहणें भाग पडतें.

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असूं, चाळीस वर्षें शाळेंत गणित शिकवीत होते. उतारवयांत त्यांना स्मृतिभ्रंश झाला. या दुखण्यांत कालचें आधीं जातें आणि फार पूर्वींचें मागें राहतें. रोज दिवेलागणीला ते मला विचारीत, ‘गाडी किती वाजतां आहे रे?’ त्यांना गांवीं जावयाचें असे. गांवचें घर विकून तेव्हां एकोणीस वर्षें झालीं होतीं. आरंभीं मीं समजावून सांगून पाहिलें; त्यानें त्यांना घर विकल्याचें दुःख रोज नव्यानें होई. मग मी खोटें बोलूं लागलों. ‘उद्यां सकाळची आहे, अण्णा.’ ते खूष होत, आणि कापडी पिशवींत दोन धोतरें व पंचांग भरून तयारी करून ठेवीत. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं पुन्हां तोच प्रश्न. असे कित्येक महिने गेले.

ऑक्टोबर २०१३ मधल्या एका संध्याकाळीं मी कॉलेजांतून कसल्याशा वादानें त्रासून परत आलों, तों अण्णा पिशवी घेऊन फाटकाबाहेर पडलेले. समोरून मोटारी येत होत्या. मीं त्यांचें मनगट धरलें आणि त्यांना ओढीत आंत आणलें. मोटारींपासून वांचविण्यासाठीं जेवढा जोर लागतो त्याहून तो जोर जास्त होता, हें तेव्हांहि मला ठाऊक होतें. ते विरोध करीत नव्हते. माझ्या तोंडाकडे पाहून ते अत्यंत नम्रपणें म्हणाले, ‘अहो, हात सोडा. दुखतो आहे.’ जन्मभर मला ‘अरे’ म्हणणाऱ्या माणसानें मला ‘अहो’ म्हटलें! त्यांना मी परका वाटलों, याचें दुःख नाहीं. तो दुखण्याचा भाग होता. परक्या माणसाच्या हातीं सांपडल्यावर जसें बोलावें तसें ते बोलले, आणि त्या क्षणीं त्यांचें निदान अगदीं बरोबर होतें.

त्या रात्रीं नेहमींप्रमाणें मीं वही उघडली आणि तारीख घातली. पुढें लिहवेना. दुसऱ्या दिवशीं लिहावें, तर आदल्या दिवसाचें पान ओलांडून जावें लागणार. तें न लिहितां पुढचें लिहिलें तर वही खोटी. तें लिहिलें तर मी उघडा. तिसऱ्या दिवशीं वही उघडलीच नाहीं. म्हणजे खरें कारण हें. मला रोजनिशीसाठीं वेळ मिळत नव्हता असें नव्हे. रोजनिशीसमोर बसण्यास तोंड उरलें नव्हतें.

गेल्या दिवाळींत मुलगी घरीं आली होती. माळा साफ करतांना तिच्या हातीं जुन्या वह्या लागल्या. दोन दिवस ती त्या वाचून हंसत होती. शेवटच्या वहीशीं येऊन ती थांबली. ‘बाबा, इथें नुसती तारीखच आहे. पुढचीं सगळीं पानें कोरीं कशीं?’ मीं ठरलेलें उत्तर दिलें. ती म्हणाली, ‘मग आतां लिहा ना. आजोबांचें तुम्हीं इतकें केलेंत, तें कुठें तरी राहायला हवें.’

त्याच रात्रीं मीं ती वही पुढें ओढली आणि त्या जुन्या तारखेखालीं लिहावयास बसलों. मला आश्चर्य वाटलें तें लेखणीच्या वेगाचें. एका बैठकींत तीन पानें झालीं. प्रसंग मीं टाळला नाहीं. मनगट धरल्याचें लिहिलें, ‘अहो’ लिहिलें, जरा अधिकच जोर झाला असेल हेंहि लिहिलें. आणि सकाळपर्यंत हातावरची लाली ओसरली होती, हें वाचून मनाला थोडें बरें वाटतें, असाहि समारोप केला. दुसऱ्या दिवशीं तीं पानें पत्नीला वाचावयास दिलीं. तिनें तीं शांतपणें वाचलीं, ‘चांगलें लिहिलें आहे’ म्हणाली, आणि आंत जाऊन त्या वर्षाची आपली घरखर्चाची वही घेऊन आली. त्या तारखेच्या दुसऱ्याच दिवसाखालीं तिच्या बारीक अक्षरांत नोंद होती: ‘अण्णांच्या हातासाठीं मलम.’ आणखी चार दिवसांनीं: ‘मलम, दुसरी नळी. बांधावयाची पट्टी.’ दुधाचा हिशेब, बाईंचा पगार, अण्णांच्या गोळ्या, आणि त्यांच्यामध्यें या दोन ओळी. एक विशेषण नाहीं, कीं कोणाचें नांव नाहीं. मी कांहीं बोललों नाहीं, तेव्हां तीच म्हणाली, ‘मला वाटलें, तुम्हांला आठवत असेल.’

वाचकांनीं येथें एक गोष्ट लक्षांत घ्यावी. मीं खोटें लिहिलें नव्हतें. सकाळीं लाली ओसरलेली मला खरोखरच आठवत होती; आजहि आठवते. अकरा वर्षें स्मृतीनें एखाद्या इमानी नोकराप्रमाणें माझी सेवा केली. मला टोंचणारें एक एक टोंक तिनें रोज थोडें थोडें घांसलें, आणि मीं मागितलें तेव्हां गुळगुळीत झालेली वस्तु माझ्या हातीं ठेविली. असत्य बोलणारा निदान सत्य काय आहे हें जाणत असतो. माझ्यापाशीं तेवढेंहि उरलें नव्हतें.

तेव्हांपासून रोजनिशी आणि आठवण यांमधील भेद मला निराळ्या प्रकारें कळूं लागला आहे. रोजनिशी अधिक बिनचूक असते, एवढाच तो भेद नाहीं. थकलेल्या माणसानें रात्रीं दहा वाजतां लिहिलेल्या चार ओळींत चुका पुष्कळ असतात. रोजनिशीचा खरा गुण म्हणजे तिचें अज्ञान. आज लिहिणाऱ्याला उद्यां काय होणार हें ठाऊक नसतें. माझ्या १९८७ च्या वहींत एका प्राध्यापकांविषयीं ‘हा माणूस दांभिक आहे’ असें लिहिलेलें आहे. पुढें ज्यांच्यामुळें मला नोकरी लागली आणि ज्यांच्या विद्वत्तेचें व सचोटीचें ऋण मी जन्मभर मानीत आलों, तेच हे गृहस्थ. तें पान वाचतांना लाज वाटते. पण तें माझ्याविरुद्ध साक्ष देत तेथेंच उभें आहे, आणि त्याला मी आतां फितवूं शकत नाहीं. आठवणीला गोष्टीचा शेवट ठाऊक असतो. निकाल आधीं लिहून मग साक्षीदार बोलावणाऱ्या न्यायाधीशासारखी ती असते. म्हणूनच जुन्या तारखेखालीं आज लिहिणें हा, शब्दन् शब्द खरा असला तरी, एक प्रकारचा बनावट दस्तऐवज होय. मजकुराइतकेंच तारखेचेंहि एक सत्य असतें. आणि मागची तारीख घालणारा, तेव्हांच्या आपल्या अज्ञानाचा मान आजच्या आपल्या शहाणपणाला देत असतो.

मग मागाहून लिहिलेलें सारेंच टाकाऊ कीं काय? असें म्हणणें अन्यायाचें होईल. वरसईचे विष्णुभट गोडसे द्रव्यार्जनासाठीं १८५७ सालीं उत्तरेकडे गेले आणि बंडाच्या वणव्यांत सांपडले. झांशीची लूट व कत्तल त्यांनीं डोळ्यांनीं पाहिली. त्यांनीं आपली हकीकत लिहून काढली ती सुमारें पंचवीस वर्षांनीं, आणि चिंतामणराव वैद्यांनीं ती ‘माझा प्रवास’ या नांवानें प्रसिद्ध केली ती १९०७ सालीं. तींत ऐकीव गोष्टी आहेत, इतिहासाशीं न जुळणारे तपशील आहेत. तरी तें पुस्तक खोटें आहे असें कोणी म्हणत नाहीं. कारण म्हातारपणीं बसून तरुणपणचें सांगत आहें, हें लेखक कोठेंहि लपवीत नाहीं. लक्ष्मीबाई टिळकांनीं ‘स्मृतिचित्रें’ लिहिलीं तीं पतिनिधनानंतर, उतारवयांत. पण त्यांत स्वतःची फजिती सांगतांना त्यांचा हात जितका सैल सुटतो तितका स्वतःची बाजू मांडतांना सुटत नाहीं. मागाहून लिहिणाराला प्रामाणिक राहण्याचे हे दोन मार्ग दिसतात: आजची तारीख घालावी, आणि स्वतःच्या बाजूनें येणाऱ्या आठवणीवर सर्वांत अधिक संशय घ्यावा. मीं पहिला मार्ग सोडला म्हणूनच दुसराहि चुकलों.

येथें एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो माझ्या एका स्नेह्यानें घेतलाहि. अण्णा गेले, प्रसंग गेला, मलमाची नळीहि गेली. आतां हें उकरून काय मिळवावयाचें? झांकली मूठ सव्वा लाखाची. शिवाय मृत मनुष्याची दुर्बळ अवस्था चारचौघांत मांडण्याचा तुम्हांला अधिकार काय? आणि पश्चात्तापाचेंहि एक सुख असतें. ‘मी किती प्रामाणिक’ असें सांगण्याची ती एक तऱ्हा असते.

या तिन्हींपैकीं एकहि आक्षेप पोकळ नाहीं. शेवटला तर मी माझ्यापुरता खरा मानतों आणि त्याचें उत्तर माझ्यापाशीं नाहीं. परंतु पहिल्या दोहोंविषयीं मला एक कसोटी सुचते. मौनानें कोणाचें रक्षण होत आहे, हें पाहावें. दुसऱ्याची लाज राखणारें मौन हें सद्वर्तन होय. असें मौन मींहि पाळलें आहे, आणि अण्णांच्या दुखण्यांतील कित्येक गोष्टी मी कधींच लिहिणार नाहीं. पण त्या संध्याकाळच्या प्रसंगांत अण्णांना लाज वाटावी असें कांहीं नव्हतें. त्यांनीं हात सोडण्याची विनंती केली, तीहि सभ्यपणें. त्या मौनानें त्यांची अब्रू झांकली जात नव्हती. माझीच झांकली जात होती, आणि त्यांच्या नांवाचें पांघरूण मी घेत होतों.

आणि मूठ झांकलेली ठेवण्यानें कोणाचेंच नुकसान होत नाहीं, हेंहि खरें नाहीं. माझ्या मुलीच्या मनांत तिच्या बापाचें एक चित्र आहे: म्हाताऱ्या वडिलांची पांच वर्षें न थकतां सेवा करणाऱ्या मुलाचें. तें चित्र पाहून मला आनंद होतो, आणि हेंच त्यांतलें भय आहे. आज ना उद्यां तिच्यावरहि माझी किंवा तिच्या आईची शुश्रूषा करण्याची वेळ येईल. दिवसाच्या अखेरीस तिचाहि धीर सुटेल. तिचाहि हात कधीं नको तितका घट्ट आवळला जाईल. त्या रात्रीं तिला माझें चित्र आठवेल आणि वाटेल, ‘बाबांनीं असें कधीं केलें नाहीं, मीच तेवढी दुष्ट.’ असें ज्याला वाटतें तो मनुष्य सुधारत नाहीं. तो माझ्यासारखा वही मिटून ठेवतो. माझें पुण्यवान् चित्र वारसा म्हणून ठेवण्यापेक्षां, या घरांत पूर्वींहि एकाचा हात चुकला होता आणि दुसरीनें त्यावर मुकाट्यानें मलम आणलें होतें, हें तिला ठाऊक असणें अधिक उपयोगाचें आहे, असें मला वाटतें.

आणखी एक गोष्ट मान्य करावयास हवी. मीं अकरा वर्षें मौन पाळलें असें मी म्हणत आलों. पण घर मुकें नव्हतें. रोज रात्रीं स्वयंपाकघर आवरल्यावर पत्नी दहा मिनिटें बसून तो जमाखर्च लिहीत होती. मीं सत्तावीस वर्षें ‘मी’ ‘मी’ असें लिहिलें आणि ‘मी’ला लाज वाटण्याचा प्रसंग येतांच थांबलों. तिच्या वहींत ‘मी’ हा शब्दच नाहीं, म्हणून तिला थांबण्याचें कारण पडलें नाहीं. कर्ता असून साक्षी राहतां येतें किंवा नाहीं, याचा निर्णय मी उपनिषदांत शोधीत होतों. तो माझ्याच घरांत, किराणा सामानाच्या यादीशेजारीं, लिहिलेला होता.

तीं तीन पानें मीं फाडलीं नाहींत. फाडणें म्हणजे आणखी एक कोरी जागा करणें. त्यांच्याखालीं एक रेघ ओढली आणि लिहिलें: ‘वरील मजकूर त्या दिवशीं लिहिलेला नाहीं, अकरा वर्षांनंतर लिहिला आहे, व त्यांतील शेवटचें वाक्य चुकीचें आहे.’ त्याच्याखालीं खर्चाच्या वहींतील त्या दोन ओळी तारखेसह उतरवून घेतल्या. मुलगी परत जाण्यापूर्वीं तिला तें पान वाचावयास दिलें. वाचून ती बराच वेळ गप्प बसली. मग तिनें विचारलें, ‘मग दुसऱ्या दिवशीं आजोबांनीं गाडीचें विचारलें?’ विचारलें होतें. हातावर मलम लावलेलें असतांना, मला ‘अरे’ म्हणून, विचारलें होतें; निदान मला तसें आठवतें. तें आठवणें माझ्या बाजूचें आहे, म्हणून त्यावर फारसा भरंवसा ठेवूं नये, असेंहि मीं तिला सांगितलें.

पुढचीं कोरीं पानें मीं कोरींच ठेविलीं आहेत. नवी वही आणली आहे, आणि तींत रोज रात्रीं आजची तारीख घालून चार ओळी लिहितों. भाजी पुन्हां महागली आहे.